अज्ञातकुलशील पाहुणा

पावसाळ्याच्या दिवसांत, तिन्हीसांजेच्या सुमारास, घराच्या उंबऱ्याशीं एखादें भिजलेलें मांजर येऊन बसतें. तें आंत येत नाहीं आणि निघूनही जात नाहीं. मुलें त्याच्याभोंवतीं जमतात, आजीबाई त्याला हांकलूं पाहतात, आणि गृहिणी दुधाच्या पातेल्यावर झांकण आहे कीं नाहीं हें आधीं पाहून येते. मग त्या घरापुढें एक लहानसा प्रश्न उभा राहतो : याला आंत घ्यावें कीं घेऊं नये? प्रश्न लहान खरा, पण आजकालचा नव्हे. मनुष्यानें प्रथम धान्याचीं कोठारें भरलीं तेव्हांपासून तो त्याच्या दारांत बसलेला आहे. आणि निरनिराळ्या काळच्या समाजांनीं त्याला जीं उत्तरें दिलीं, त्यांवरून त्या त्या समाजाच्या अंतःकरणाची थोडीबहुत परीक्षा होते.

आपल्याकडील नीतिग्रंथांचें उत्तर तर स्पष्ट नकाराचें आहे. हितोपदेशांतील जरद्गव गिधाडाची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. नदीकांठच्या एका वृक्षाच्या ढोलींत तें आंधळें व म्हातारें गिधाड राहत असे. झाडावरचे पक्षी आपल्या आहारांतला थोडा थोडा भाग त्याला देत, आणि तें त्यांच्या पिलांची राखण करी. एके दिवशीं दीर्घकर्ण नांवाचें मांजर तेथें आलें. गोड बोलून व व्रतस्थपणाची बतावणी करून त्यानें ढोलींत आश्रय मिळविला, आणि मग तें एक एक पिलूं आणून खाऊं लागलें. पक्ष्यांनीं शोध सुरू करतांच मांजर पसार झालें. हाडें सांपडलीं तीं ढोलींत, आणि प्राण गेला तो बिचाऱ्या गिधाडाचा. ज्याचें कुल व शील ठाऊक नाहीं त्याला घरांत थारा देऊं नये, असा या गोष्टीचा बोध आहे. शाळेंत संस्कृत शिकलेल्याला तो सहसा विसरत नाहीं. आतां, दाराशीं येऊन बसलेल्या भटक्या मांजराइतका अज्ञातकुलशील दुसरा कोण असणार?

मात्र मांजराच्या कुलाचा पत्ता आधुनिक शास्त्रानें बराच लावला आहे. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून असें दिसून आलें कीं, जगांतील यच्चयावत् पाळीव मांजरें पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका या प्रदेशांतील एका रानमांजराच्या जातीपासून निपजलीं आहेत. आपण कौतुकानें जिला वाघाची मावशी म्हणतों तिचें माहेर तें. पण तिच्या येण्याची तऱ्हा इतर जनावरांहून निराळी होती. गाय, बैल, घोडा, उंट यांना मनुष्यानें आपल्या गरजेसाठीं पकडलें, बांधलें आणि वळण लावलें. मांजराला कोणी दावें लावून आणलें नाहीं. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीं पश्चिम आशियांत लोक शेती करूं लागले, धान्य सांठवूं लागले. धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून मांजरें आलीं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे बोलावल्यावांचून दाराशीं येऊन बसणें, हीच मांजराची आणि मनुष्याची पहिली ओळख. आज रस्त्यावरून घरांत घेतलेलें प्रत्येक मांजर त्या पहिल्या भेटीचीच पुनरावृत्ति करीत असतें.

ही ओळख लौकरच उपयोगाच्या पलीकडे गेली असावी, असें मानावयास एक पुरावा आहे. २००४ सालीं सायप्रस बेटावरील सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका वस्तींतील दफनाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेथें एका मनुष्याच्या सांगाड्यापासून वीतदोन वितींवर एका लहानशा खड्ड्यांत मांजराचा अखंड सांगाडा होता. मांजराचें वय सुमारें आठ महिन्यांचें होतें. सायप्रस बेटावर मूळचीं रानमांजरें नव्हतीं. तेव्हां कोणीतरी तें, किंवा त्याचे पूर्वज, होडींत घालून समुद्र ओलांडून नेले असले पाहिजेत. होडींत जागा थोडी असते. त्या थोड्या जागेंतून एक कोपरा ज्या अनामिकानें मांजराला दिला, तो या इतिहासांतला पहिला यजमान होय.

यानंतर या पाहुण्याचें भाग्य उघडलें तें मिसर देशांत. तेथें नाईल नदीच्या कांठचीं धान्याचीं कोठारें हेंच राष्ट्राचें ऐश्वर्य होतें, आणि त्या ऐश्वर्याचा राखणदार म्हणून मांजराला जो मान मिळाला तो वाढत वाढत देव्हाऱ्यापर्यंत गेला. बास्तेत या देवतेला मार्जारमुख प्राप्त झालें आणि बुबास्तिस हें तिचें क्षेत्र ठरलें. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हेरोडोटस यानें लिहून ठेवलें आहे कीं, घरचें मांजर मेलें तर घरांतील सर्व माणसें आपल्या भुंवया काढून टाकीत, आणि मेलेल्या मांजराला मसाला भरून बुबास्तिस येथें पुरण्यास नेत. पुढें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत डायोडोरस हा दुसरा ग्रीक ग्रंथकार मिसरांत असतांना एका रोमन मनुष्याच्या हातून मांजर मेलें. रोमची सत्ता तेव्हां सर्वांना थरकांप भरविणारी होती आणि मिसरचा राजा तर रोमशीं मैत्री जोडण्याच्या खटपटींत होता. तरीही जमावानें त्या मनुष्याच्या घरावर चाल केली, आणि राजाचे अधिकारी मध्यें पडूनही त्याचा जीव वांचला नाहीं.

इतकें वाचल्यावर कोणालाही वाटेल कीं, मांजरानें जन्म घ्यावा तर मिसर देशांतच घ्यावा! परंतु या भक्तीला एक काळी बाजूही होती. उत्तरकाळीं देवीला नवस फेडण्यासाठीं मसाला भरलेलें मांजर अर्पण करण्याची चाल फार बोकाळली. इतकीं मांजरें आपोआप मरणार कोठून? लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें असलेल्या अशा मांजरांची क्ष-किरणांनीं तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९८१ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें आढळलें कीं, त्यांतील बरींच मांजरें वर्षभराचींही नव्हतीं, आणि कित्येकांच्या माना मोडलेल्या होत्या. म्हणजे ज्या देवीचें वाहन म्हणा, रूप म्हणा, तें मांजर. त्या देवीच्याच प्रीत्यर्थ तीं वाढविलीं व मारलीं जात होतीं. पुढें काळाच्या उलट्या फेऱ्यांत याहून विचित्र गोष्ट घडली. १८८८ सालीं बेनी हसन या ठिकाणाजवळ मांजरांचें एक प्रचंड दफनस्थान उघडकीस आलें. त्यांतील सुमारे १९ टन अवशेष जहाजांत भरून १८९० सालीं इंग्लंडांत लिव्हरपूल बंदरांत उतरविण्यांत आले आणि शेताचें खत म्हणून लिलांवानें विकले गेले. तीं मांजरें पावणेदोन लाखांच्या वर असावींत असा अंदाज आहे. पूजेचें शेवटीं खत झालें. मांजराची पूजा करणें आणि मांजर सांभाळणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत, असा धडा मिसरच्या वाळूनें शिकविला.

देव्हाऱ्यावरून उतरल्यावर मांजर नोकरींत शिरलें. दहाव्या शतकांतील वेल्सचा राजा हायवेल याच्या नांवानें जे कायदे चालत आले आहेत, त्यांत मांजराची किंमत ठरवून दिलेली आहे. डोळे न उघडलेल्या पिलाला एक पेनी, डोळे उघडल्यापासून पहिला उंदीर मारीपर्यंत दोन पेन्स, आणि उंदीर मारूं लागल्यावर चार पेन्स. विकत घेतलेल्या मांजराचे कान, डोळे, दांत आणि नखें शाबूत असलीं पाहिजेत, अशीही अट होती. कायदा काटेकोर आहे, मांजराचें मोल जाणणाराही आहे. परंतु दांत पडल्यावर त्याच मांजराचें पुढें काय करावें, याचा विचार करण्याचें त्याला कारण नव्हतें.

याच हिशेबाचें अर्वाचीन रूप १८६८ सालीं लंडनच्या टपालखात्यांत दिसतें. मनीऑर्डर कचेरींतील कागद उंदीर कुरतडीत, म्हणून तीन मांजरें नेमण्याचें ठरलें आणि त्यांच्या पोटापाण्यासाठीं आठवड्याला दोन शिलिंग मिळावे अशी मागणी वर गेली. वरिष्ठांनीं विचारपूर्वक एकच शिलिंग मंजूर केला. बाकीचें पोट मांजरांनीं उंदरांवर भरावें, आणि सहा महिन्यांत उंदीर कमी न झाल्यास या भत्त्यांतही कपात होईल, असा शेरा त्यांनीं मारला. सरकारी टिपणाच्या भाषेंत इतका विनोद क्वचितच सांपडतो. पण विनोदाखालचें तत्त्व जुनेंच आहे : काम करील तोंवर दाणापाणी.

पूजा आणि नोकरी यांच्याहून वेगळी अशी तिसरी वाट आपल्या देशांत फार पूर्वीं पडलेली होती, आणि तिची नोंद परक्यांनीं केलेली आहे. १५८३ सालीं हिंदुस्थानांत आलेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच यानें गुजराथेंतील खंबायत शहराविषयीं लिहिलें आहे कीं, तेथील लोक जीवहत्या करीत नाहींत, आणि लंगडीं कुत्रीं, मांजरें व पक्षी यांच्यासाठीं त्यांनीं इस्पितळें ठेविलीं आहेत. लंगडें मांजर उंदीर काय मारणार! त्याच्याकडून कोठाराचें रक्षण नाहीं कीं देवीची प्राप्ति नाहीं. तरीही त्याला अन्न मिळावें, हा जैन व वैष्णव व्यापाऱ्यांचा धर्म त्या प्रवाशाला नवलाचा वाटला. तोच धर्म पुढें मुंबईंत आला. १८३२ सालीं शहरांतील भटकीं कुत्रीं मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी व इतर नागरिक खवळून उठले व दंगा झाला. आणि १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई आदि धनिकांच्या पुढाकारानें भुलेश्वर भागांत पांजरपोळ स्थापन झाली. १८८३ सालीं परळ येथें जनावरांच्या इस्पितळाचा पाया पडला. दिनशा पेटिट यांनीं दिलेल्या देणगीमुळें बाई साकरबाईंचें नांव त्याला मिळालें. निराश्रित जनावर हें समाजाचें देणें आहे, ही जाणीव या संस्थांनीं रुजविली. संस्थेची दया हजारोंना पुरते. परंतु दाराशीं आलेलें एक मांजर घरांत घेऊन त्याला शेवटपर्यंत निभावणें, हें काम संस्थेचें नसून घरांतल्या माणसांचें आहे. आणि त्याचा इतिहास बहुधा कोणी लिहीत नाहीं.

कधीं कधीं मात्र तो लिहिला जातो. इंग्रजी भाषेचा प्रख्यात कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन (१७०९–१७८४) याच्या घरीं हॉज नांवाचें मांजर होतें. त्याच्यासाठीं कालवें विकत आणण्यास जॉन्सन स्वतः बाहेर जात असे. बॉसवेलनें त्याच्या चरित्रांत याचें कारण दिलें आहे तें मार्मिक आहे : हा त्रास नोकरांच्या गळ्यांत पडला तर ते त्या मुक्या जनावराचा द्वेष करूं लागतील, अशी जॉन्सनला भीति वाटे. दुसऱ्याच्या कष्टांवर भूतदया करणारे लोक पुष्कळ असतात. आपल्या दयेचें ओझें आपणच वाहिलें पाहिजे, हें त्या स्थूल देहाच्या आणि सूक्ष्म बुद्धीच्या पंडितानें ओळखलें होतें. १९९७ सालापासून गफ स्क्वेअरमध्यें त्याच्या घरासमोर हॉजचा पुतळा उभा आहे.

त्या घरापासून सुमारें एका मैलावर ब्रिटिश म्यूझियम आहे. ज्यांच्या माना मोडलेल्या आढळल्या तीं मिसर देशचीं मांजरें याच इमारतींत आहेत, आणि आश्रयाला आलेल्या एका मांजराची हकीकत घडली तीही याच इमारतीच्या दारांत.

त्या काळीं मोठें ग्रंथालयही म्यूझियममध्येंच होतें. तेथें ब्लॅक जॅक नांवाचा एक काळाभोर बोका वावरत असे. त्याची छाती व पंजे पांढरे असून मिशा लांबलचक होत्या. वाचनालयांतील मेजांवर बसणें त्याला आवडे, आणि बाहेर जावयाचें झालें म्हणजे एखाद्या वाचकाकडून तो दार उघडवून घेई. एका रविवारीं तो वर्तमानपत्रांच्या दालनांत कोंडला गेला, आणि वेळ जाईना म्हणून त्यानें जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधणीवर आपलीं नखें परजलीं. नुकसान बरेंच झालें. अधिकारी संतापले आणि बोक्याला नाहींसा करण्याचा हुकूम सुटला. पण हुकूम बजावणाराला बोका सांपडेना. दोघा नोकरांनीं त्याला एका सुरक्षित ठिकाणीं दडवून ठेवलें होतें, आणि तेथें ते त्याला अन्न व दूध पोंचवीत होते. बोका बेपत्ता असून मेला असावा, असा रिवाजाप्रमाणें अहवाल गेला; पुस्तकांची बांधणी दुरुस्त झाली; आणि कांहीं आठवड्यांनीं ब्लॅक जॅक पुन्हां शांतपणें फिरतांना दिसूं लागला. वरिष्ठांनीं त्याबद्दल चौकशी केली नाहीं. हुकूम मोडल्याचा आनंद हुकूम देणारांनाही कधीं कधीं होत असतो.

या ब्लॅक जॅकनें १९०८ सालच्या वसंत ऋतूंत एक विलक्षण गोष्ट केली. मिसर व असीरिया येथील प्राचीन वस्तूंच्या विभागाचे प्रमुख वॉलिस बज हे आपल्या निवासस्थानाच्या पायऱ्या उतरत असतां तो तोंडांत कांहींतरी धरून समोरून आला. तें ओझें त्यानें बज यांच्या पायांशीं ठेवलें आणि मागें वळून तो गंभीरपणें चालता झाला. तें मांजराचें पिलूं होतें. आपल्या वैष्णव आचार्यांनीं मार्जारकिशोरन्याय सांगितला आहे : माकडाचें पिलूं आईला घट्ट धरून राहतें, पण मांजराचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आई त्याला तोंडांत धरून नेईल तेथें तें जातें. ईश्वरावर संपूर्ण भार टाकणाऱ्या भक्ताला तें उपमान आहे. येथें पिलूं आणणारी आई नव्हती, बोका होता, एवढाच फरक. पिलाचें भवितव्य मात्र सर्वस्वीं त्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या मनुष्याच्या हातीं होतें.

तो मनुष्य कोण होता हें येथें सांगितलें पाहिजे. बज यांचा जन्म १८५७ सालीं कॉर्नवॉलमधील बॉडमिन या गांवीं झाला. आईचें घराणें गरीब होतें, आणि पित्याचें नांव कधींच निश्चित झालें नाहीं. मुलगा आप्तांकडे लंडनला आला आणि कोवळ्या वयांतच एका पुस्तकविक्याच्या कचेरींत नोकरीला लागला. कामाच्या मधल्या सुटींत तो प्राचीन भाषांचा अभ्यास करी. म्यूझियममधील वृद्ध पंडित सॅम्युएल बर्च यांनीं त्याला आपल्या विभागांतील ग्रंथ वाचूं दिले. त्याची तळमळ पाहून सेंट पॉल्स देवळांतील वादक जॉन स्टेनर यांनीं थोरामोठ्यांकडे शब्द टाकला, आणि ग्लॅडस्टन यांच्यासारख्या मुत्सद्द्यांच्या साहाय्यानें तो केंब्रिजला शिकावयास गेला. म्हणजे ज्याच्या कुलाची चौकशी करूं जातां दार बंदच करावें लागलें असतें, अशा एका पोरालाही याच म्यूझियमचें दार कोणीतरी उघडून दिलें होतें. तो पुढें त्या विभागाचा प्रमुख झाला आणि मृतांच्या ग्रंथाचें भाषांतर करून त्यानें कीर्ति मिळविली. बज यांच्या मनांत त्या पायऱ्यांवर काय आलें तें त्यांनींच जाणावें. पण त्यांनीं पिलूं आंत घेतलें.

पिलाचें नांव माइक ठेवण्यांत आलें. घरांत आधींचीं दोन मांजरें होतीं, त्यांनींही त्याला आपलें म्हटलें. थोडा मोठा झाल्यावर माइकनें मुख्य फाटकाच्या पहारेकऱ्याशीं स्नेह जोडला, आणि त्याला एकाऐवजीं दोन घरें झालीं. रविवारीं सकाळीं घरांतल्या मांजराबरोबर तो खांबांच्या ओळींत कबुतरें धरावयास जाई. दोघे मिळून कबुतरांना कोपऱ्यांत रेटीत आणि एक एक कबुतर तोंडांत धरून इजा न करतां घरांत आणीत. घर सांभाळणारी बाई तीं काढून घेई व मोबदल्यांत त्यांना मांस आणि दूध देई. कबुतरांना मका व पाणी मिळे आणि तीं खिडकींतून उडून जात. लंडनच्या धुरानें माखलेलीं पिसें तोंडांत घेण्यापेक्षां शिजविलेलें मांस बरें, हा व्यवहार दोघांनाही पटलेला होता! पुढें माइक फाटकावरील खोलींतच राहावयास गेला. वारा लागणार नाहीं अशा कोपऱ्यांतली एक फळी त्याला निजण्यास मिळाली, आणि दिवसारात्रीं वाटेल तेव्हां जाण्यायेण्याची मुभा राहिली. मांजराला सांभाळणें म्हणजे त्याला बांधून ठेवणें नव्हे, हें त्या पहारेकऱ्यांना कोणी शिकविलें नव्हतें. १९०९ सालच्या फेब्रुवारीपासून माइक मुख्य फाटकाच्या राखणींत सहभागी झाला, असें त्याच्या चरित्रकारानें गमतीनें नोंदलें आहे.

खरी कसोटी पुढेंच लागली. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें. समुद्रांतील जर्मन पाणबुड्यांमुळें इंग्लंडांत येणारें अन्न बुडूं लागलें, आणि १९१८ सालीं लंडनमध्यें मांस, लोणी, साखर हीं चिठ्ठीवर मिळूं लागलीं. अशा वेळीं मांजराचा घांस पहिल्यानें तुटावा हें स्वाभाविक होतें. पण बज यांनीं तो तुटूं दिला नाहीं; दुसऱ्या कोणाला कमी पडलें असेल, माइकला पडलें नाहीं. ज्या समाजांत मांजराचें मोल उंदरांवर ठरत आलें होतें, त्याच समाजांतला एक वृद्धत्वाकडे झुकलेला पंडित, टंचाईच्या दिवसांत, कांहींही मोबदला न मागतां, एका सांपडलेल्या मांजराचें ताट राखीत होता.

१९२४ सालीं बज निवृत्त झाले. माइक तेव्हां सोळा वर्षांचा होता; मांजराच्या आयुष्यांत ही पिकलेली जरा होय. शेवटच्या दोन वर्षांत त्याचे दांत किडले आणि त्याला खाऊं घालणें अवघड झालें. वेल्सच्या जुन्या कायद्याप्रमाणें पाहतां त्याची किंमत आतां शून्य होती. पण फाटकावरचे तिघे पहारेकरी त्याच्यासाठीं स्वतः रांधीत : एके दिवशीं मऊ मांस, दुसऱ्या दिवशीं मासे. माशांतही त्याच्या आवडीनिवडी होत्या आणि त्या पाळल्या जात. कॉड मासा तर तो तोंडालाही लावीत नसे. १९२९ सालच्या जानेवारींत, जवळजवळ एकवीस वर्षें त्या दाराशीं काढून, माइक मरण पावला. त्याच वर्षीं बज यांनीं त्याचें छोटेखानी चरित्र छापून काढलें. ग्रंथालयांतील एका अधिकाऱ्यानें त्याच्यावर कविताही केली. बज स्वतः पांच वर्षांनीं, १९३४ सालीं, वारले.

या गोष्टीचें मर्म ब्रिटिश म्यूझियमच्या त्या एका इमारतींतच आहे. आंत कांचेच्या कपाटांत, रंगीत पट्ट्यांनीं सुबक गुंडाळलेलीं, देवीला वाहिलेलीं मांजरें. आणि बाहेर फाटकावर, फळीवर निजलेला, दांत पडलेला माइक. पहिल्यांना देवत्व लाभलें, पण पुरतें एक वर्षाचें आयुष्यही कित्येकांना लाभलें नाहीं. दुसऱ्याला देवत्व कोणीं दिलें नाहीं. त्याला एक उबदार कोपरा, वेळेवर घांस आणि म्हातारपणीं चावेल असें अन्न मिळालें. या दोहोंपैकीं कोणतें भाग्य मोठें, हें मांजराला विचारण्याची गरज नाहीं.

अर्थात् दयेलाही शहाणपणाची जोड लागते, हेंही त्याच म्यूझियमच्या पुढील इतिहासानें दाखवून दिलें. १९७० नंतरच्या दशकांत त्याच्या आवारांत भटक्या मांजरांची संख्या इतकी वाढली कीं, त्यांचा नायनाट करावा असा विचार निघाला. तेव्हां तेथील एका सफाई कामगारानें पुढाकार घेतला. मांजरांची वीण शस्त्रक्रियेनें थांबवून, कांहींना घरें मिळवून देऊन, मोजकीं मांजरें तेथें सुखानें राहतील अशी व्यवस्था लागली. नुसतें अन्न टाकल्यानें मांजरें वाढतात आणि त्यांच्याबरोबर उपासमार व रोगही वाढतात. जो घांस घालतो त्यानें ही जबाबदारीही पत्करली पाहिजे. आपल्याकडे मांजर म्हटलें कीं दुधाची वाटी पुढें करण्याची रीत आहे. परंतु पुष्कळशा वाढलेल्या मांजरांना दूध पचत नाहीं, असें पशुवैद्य सांगतात. त्यांचें खरें अन्न मांस व मासे. जवळ स्वच्छ पाणी, निजण्यास कोरडा कोपरा, पिसाळ रोगाविरुद्ध लस, आणि वेळच्या वेळीं वैद्याचें दर्शन, एवढें मिळालें कीं दाराशीं आलेलें मांजर पंधरा वर्षेंही सोबत करतें. म्हणूनच त्याला आंत घेण्यापूर्वीं, पावसाच्या एका संध्याकाळचा नव्हे, पंधरा वर्षांचा विचार केला पाहिजे.

आतां हितोपदेशांतील त्या गोष्टीकडे पुन्हां वळलें पाहिजे. अज्ञातकुलशीलाला थारा देऊं नये, एवढाच बोध घेऊन आपण ती गोष्ट मिटवितों. परंतु तिच्या आरंभीं आणखी एक गोष्ट सांगितलेली आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाहीं. जरद्गव गिधाड आंधळें होतें, त्याचीं नखें झिजलेलीं होतीं, त्याला शिकार करतां येत नव्हती. तरीही झाडावरच्या लहान लहान पक्ष्यांनीं आपल्या घांसांतला घांस काढून त्याला जगविलें होतें. गिधाड हें कांहीं पक्ष्यांचें सगोत्र नव्हे. मांजराला दाराशीं पाहून ज्याला दीर्घकर्ण आठवतो त्यानें त्या पक्ष्यांचीही आठवण ठेवावी. सावध राहावें, दुधावर झांकण ठेवावें, पण उंबऱ्याशीं बसलेल्या त्या भिजलेल्या जिवाला कुल विचारूं नये. त्याचें कुल आपल्याला ठाऊक आहे : दहा हजार वर्षांपूर्वीं न बोलावतां जें आपल्या दारीं आलें, त्याच घराण्यांतलें तें आहे. शील ठरावयाचें राहिलें असेल, तर तें दार उघडणाराचें.